झाड घेता मृगात, पण हिशोब करा मे महिन्याचा

मृग लागला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्या गावात झाडवाला येतोच. छोटा हत्ती भरून रोपं, वर भोंगा, "गुलाब घ्या, मोगरा घ्या, ऑक्सिजनवालं झाड घ्या ताई", अन् अर्ध्या गल्लीतल्या बाया गाडीभोवती. मी पण त्यातलीच. लग्न होऊन इकडं आले त्याला १४ वर्षं झाली, त्यातल्या पहिल्या चार वर्षांत मी जेवढी झाडं मारली ना, तेवढ्या पैशात एक दुभती शेळी आली असती. आता लोक विचारतात, काहून वो वहिनी, तुमच्या अंगणात उन्हाळ्यात पण फुलं कशी राहतात, म्हणून म्हटलं सगळं एकदाच लिहून टाकते.

आधी माझी चूक ऐका. माहेर माझं वरूडकडचं, संत्र्याचा भाग, आमच्या विहिरीचं पाणी गोड, काडी खोसली तरी फुटायची. सासर दर्यापूर तालुक्यात, म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगानं अमरावती, अकोला, बुलढाणा असा हा पट्टा पसरलेला आहे, जमिनीखालचं पाणी खारट. मी माहेराहून देशी गुलाबाच्या तीन कुंड्या आणल्या, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काय फुलला तो, सगळ्या शेजारणी पाहायला यायच्या. दिवाळीनंतर पाऊस गेला, बोअरचं पाणी सुरू झालं. डिसेंबरात पानाच्या कडा तपकिरी, जशा काही कोणी काडीनं जाळल्या. सासूबाई म्हणे, "पाणी कमी पडून राह्यलं तुह्यं." मी अजून पाणी घातलं. म्हणजे मीठच वाढवत गेले रोज, हे तेव्हा कुठं माहीत. होळीपर्यंत तिन्ही कुंड्यांत नुसत्या काड्या.

तेव्हापासून माझा एकच नेम आहे. पावसाळ्यात सगळीच झाडं चांगली दिसतात, तेव्हा फूल पाहून झाड घ्यायचं नाही, मे महिन्यात आपलं पाणी कसं असते, ही कुंडी जिथं ठेवायची तिथं दुपारी ३ वाजता ऊन किती असते, अन् आपण तेव्हा घरी असू का लग्नात, हे आठवायचं अन् मग पाकिटाला हात लावायचा.

पाण्याची परीक्षा सोपी आहे, लॅब-बिब नको. कुलरची ताटी काढून पाहा. त्या गवतावर पांढरा थर जमला असेल, टाकीच्या कडेला खार चढला असेल तर तेच सगळं तुमच्या कुंडीत पण जमून राहिलं आहे. मातीच्या कुंडीला बाहेरून पांढरे डाग दिसले तर तेही तेच. अन् हो, कुलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडाला घालायची सवय लय जणांना आहे, "वाया कायले घालता" म्हणून, पण कुलरमध्ये नुसतं पाणी उडते, मीठ खालीच राहते, म्हणजे आठ दिवसांचं टाकीतलं पाणी बोअरपेक्षाही खारट झालेलं असते. ते अंगणात शिंपडा, कुंडीत नको. आरओ प्लांटमधून जे फेकून द्यायचं पाणी निघते त्याचंही तसंच.

खाऱ्या पाण्यावर काय जगते? कण्हेर जगते, बोगनवेल जगते, सदाफुली, कोरफड अन् ते ऑफिस टाइम, जे सकाळी दहाच्या सुमारास उमलते ते. एवढ्यावर सुद्धा अंगण रंगीत होते बरं. गुलाबाचा सोस असेलच तर पावसाचं पाणी साठवा. मी टिनाच्या पन्हाळीखाली २०० लिटरचे दोन ड्रम लावले. पहिले दोन पाऊस टिनं धुऊ द्यायची, मग ड्रम भरायचे, तोंडाला सुती कापड घट्ट बांधायचं नाही तर डासांची शाळा भरते आत. दोन गुलाबाच्या कुंड्यांना थंडीत रोज अर्धा अर्धा लिटर धरा, उन्हाळ्यात लिटर लिटर, तर दोन ड्रम दिवाळीपासून मे-जूनपर्यंत ओढून नेतात. ज्यांचं पाणी गोड आहे त्यांनी हा सगळा परिच्छेद सोडून द्या अन् देवाला नारळ फोडा.

पावसाळ्यात एक काम मात्र सगळ्यांनी करायचं, सपरीतल्या, म्हणजे ओसरीतल्या, कुंड्या दोन-तीन मोठ्या पावसांत बाहेर काढून ठेवायच्या. वर्षभराचं मीठ खालच्या छिद्रातून धुऊन जाते. आमच्याकडं पोळ्याच्या आसपास कुंड्यांवरचे पांढरे डाग बरेच कमी झालेले दिसतात.

आता माती. इथं सगळे फसतात, कारण काळी माती आपल्याला घरची वाटते. वावरात ती कापसाला चांगली, कुंडीत ती वैरीण. ओली झाली की फुगते अन् चिखल धरून बसते, वाळली की आकसते. मार्च महिन्यात नुसत्या काळ्या मातीची एखादी कुंडी नीट पाहा, मातीचा गोळा कुंडीच्या काठापासून सुटलेला असतो, मधात बोट जाईल एवढी फट. वरून तांब्याभर पाणी ओता, ते सरळ त्या फटीतून उतरते अन् दोन मिनिटांत खालून बाहेर, आपण म्हणतो झालं बाप्पा पाणी पोटभर, अन् आतला गोळा खडखडीत वाळलेला. मी एकदा अशी मेलेली कुंडी फोडली होती, बाहेरून ओली अन् आत फुटाण्यासारखी कोरडी माती, मुळं सगळी काठाला चिकटलेली. असं झालं असेल तर वरून पाणी घालत बसू नका, आख्खी कुंडी बादलीत बुडवून अर्धा तास ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा. मग फट वाळू अन् शेणखतानं बुजवून टाका.

नवीन भरताना मी असं करते, एक टोपलं काळी माती, एक टोपलं रेती, एक टोपलं चांगलं कुजलेलं शेणखत. रेती बांधकामावरची चालते पण सिमेंट मिसळलेली उचलू नका. रेती महाग वाटत असेल तर जुन्या विटांचा जाडसर चुरा घ्या. निंबोळी पेंड दोन मुठी, त्यानं उदई, म्हणजे वाळवी, लागत नाही लवकर. खारपाणपट्ट्यात वावरात जिप्सम टाकतोच आपण, कुंडीतही एखादा-दोन चमचे टाकलं तर माती मोकळी राहते. कोकोपीट शहरातले लोक लय सांगतात, चांगलं आहे, पण आपल्याकडं ते एकदा खडखडीत वाळलं की परत लवकर पाणी पीत नाही, मी थोडंच वापरते, घरातल्या झाडांना.

शेणखताचं एक सांगते. उकिरड्यावरून कालचं-परवाचं शेण आणून टाकू नका. कच्चं शेण कुंडीत तापते अन् अर्धवट कुजलेल्या खतात हुमणी असते, पांढरी, जाड, इंग्रजी सी सारखी वाकडी अळी, तपकिरी डोक्याची. ती मुळं खाते अन् वरून झाड नुसतं मान टाकते, आपण पाणी देत बसतो. खत हातात घेऊन चुरा, वास आला नाही, मातीसारखं भुरभुरलं तर घ्या. लेंडीखत पण भारी, पण तेही वर्षभर कुजलेलं.

कुंडी कशाची पाहिजे यावर भांडण नको, आमच्याकडं तेलाचे पिपे, रंगाच्या बादल्या, फुटके माठ सगळंच चालते. छिद्र मात्र खाली चार-पाच तरी पाडा, एका छिद्रावर भागत नाही, अन् वर फुटक्या कवेलूचा, म्हणजे कौलाचा, तुकडा उलटा ठेवा. दोन गोष्टी सांभाळा. एक, स्लॅबवर किंवा टिनाजवळ काळी प्लॅस्टिकची कुंडी मे महिन्यात ठेवली तर मुळं आत उकडून निघतात, तिला पोत्याचं तरट गुंडाळा अन् खाली दोन विटा द्या. दुसरी, फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे कितीही चांगले दिसले तरी त्यात तुळस, कढीपत्ता, पुदिना लावायचा नाही. धुतलं तरी नाही.

झाड विकत घेताना

गाडीवरचा माणूस घाई करतो, करू द्या. रोप हातात घ्या अन् आधी पिशवीच्या तळाकडं पाहा, छिद्रातून एक-दोन पांढरी मुळं डोकावत असली तर झाड जमलेलं आहे. मग खोड दोन बोटांत धरून अगदी हळू वर ओढा. मातीसकट पिशवी उचलली गेली तर ठीक, खोड नुसतं वर सरकलं तर ती काल-परवा खोसलेली काडी आहे, पैसे देऊ नका. पानं उलटी करून पाहा, कापसासारखं पांढरं काही चिकटलं आहे का. अन् फुलानं लदलेलं झाड घेण्यापेक्षा कळ्यांचं, फुटव्यांचं घ्या, फुललेल्याची फुलं तर चार दिवसांत गळतात अन् मग पोरं विचारतात आई तेच झाड आहे का हे.

बरीच रोपं लांबून येतात. आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांतून तर देशभर माल जातो. तिथलं दमट हवामान सोडून झाड आपल्या कोरड्या हवेत येते, तर आणल्या आणल्या उन्हात ठेवू नका अन् त्याच दिवशी कुंडी पण बदलू नका. आठ-दहा दिवस सपरीत, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण. मातीचा चिकट गोळा आलेला असतो तो पाण्यात अलगद सैल करून मगच लावा, तसाच लावला तर मुळं गोळ्यातच फिरत राहतात.

कलमी गुलाबाचं अजून एक. खोडाला जिथं डोळा भरलेला असतो ती गाठ दिसते, ती मातीच्या वर ठेवा. गाठीच्या खालून जोरात एखादा फुटवा निघाला, पानाचा रंग वेगळा, काटे वेगळे, तर तो जंगली खुंटाचा आहे, मुळापासून मोडून टाका. माझ्या जाऊबाईनं "किती जोमात वाढून राह्यलं" म्हणून दोन वर्षं तोच वाढवला, फूल एक नाही, खरा गुलाब कधीच मरून गेलेला.

आपल्याकडं जमणारी फुलं

मोगरा हा आपल्या उन्हाचा पोरगा आहे. सावलीत ठेवला तर नुसती पानं, दिवसभराचं ऊन दिलं तर मार्चपासून जूनपर्यंत फुलतो. पण त्याला थंडीत थोडं छळावं लागते. डिसेंबरच्या शेवटी पाणी कमी करत आणा, दोन-तीन आठवडे जवळजवळ बंदच, पानं पिवळी पडू द्या, घाबरू नका. जानेवारीत फांद्या एक तृतीयांश छाटा, जुनी पानं खुडून टाका, वरची माती उकरून दोन ओंजळी शेणखत द्या अन् मग भरपूर पाणी. नवीन फुटव्यालाच कळ्या येतात, जुन्या काडीला नाही, म्हणून छाटणी. युरिया देऊ नका. वावरातला चिमूटभर उरला म्हणून टाकतो आपण, अन् मग झाड म्हशीसारखं माजते, हिरवंगार, फुलाचा पत्ता नाही.

जास्वंद घ्यायची तर देशी लाल घ्या, पाच पाकळ्यांची. रंगीबेरंगी हायब्रीड पावसाळ्यात अन् थंडीत छान फुलतात, पण एप्रिलच्या झळीत कळ्या गाळतात, त्यांना दुपारची सावली लागते. जास्वंदीचा मोठा दुश्मन पिठ्या ढेकूण. शेंड्यावर पांढरं पिठासारखं दिसलं अन् त्यावर मुंग्यांची रांग असली की समजा तोच. मुंग्या त्याचा गोड चिकटा खातात, म्हणून त्याला सांभाळतात, एका फांदीवरून दुसरीवर नेतात सुद्धा. आधी जास्त भरलेला शेंडा कापून जाळा किंवा पुरा, मग साबणाच्या पाण्यात जुना टूथब्रश बुडवून घासून काढा, मगच फवारा. फवारायला घरचा निंबोळी अर्क, ५० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यानं गाळून एक लिटर करायचं, चिमूटभर कपड्याचा साबण किसून टाकायचा. संध्याकाळी फवारायचं, आठ दिवसांनी परत, असं तीनदा. वावरातलं उरलेलं औषध घरच्या फुलांवर मारू नका बाप्पा, ती फुलं आपण देवाला वाहतो, पोरं वास घेतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते काही विसरायसारखं नाही.

पानं पिवळी पडली की लोक एकच औषध देतात, पाणी. थांबा, कोणती पानं पिवळी ते पाहा. खालची जुनी पिवळी पडून गळत असतील तर बहुतेक पाणी जास्त झालं किंवा खत संपलं. शेंड्याकडची कोवळी पिवळी अन् शिरा मात्र हिरव्या, जाळी काढल्यासारख्या, तर लोह कमी पडलं. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते त्यामुळं लोह असूनही झाडाला मिळत नाही, जास्वंद, मोगरा, गुलाब सगळ्यांना हे होते. कृषी केंद्रात हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मिळते, लिटरभर पाण्यात ३ ग्रॅम, वरून अर्धं लिंबू पिळा, ताजंच करून संध्याकाळी पानांवर फवारा. फरशीवर सांडू नका, गंजासारखे डाग पडतात अन् मग शिव्या मला बसतील.

शेवंतीची एक गंमत. आमच्या घरासमोरच्या खांबावर नवीन एलईडी लागला, लख्ख उजेड, सगळे खुश. त्याच वर्षी माझ्या सहा शेवंतीच्या कुंड्यांपैकी चार फुलल्या अन् दोन नुसत्या उंच वाढल्या, महाशिवरात्र आली तरी कळी नाही. माती तीच, पाणी तेच. मग लक्षात आलं, त्या दोघी फाटकाजवळ, रातभर दिव्याखाली. शेवंतीला कळी धरायला लांब अंधारी रात्र लागते, दिवस लहान झाले की ती फुलते, अन् रात्री उजेड पडत राहिला तर तिला थंडी आली हे कळतच नाही. पुढच्या वर्षी त्या कुंड्या न्हाणीच्या मागं नेऊन ठेवल्या, डिसेंबरात फुलल्या. तर शेवंतीची जागा रात्री जाऊन ठरवा, दिवसा नाही. बाकी जून-जुलैत फुटवे वेगळे करून लावायचे अन् शेंडे दोन-तीनदा खुडायचे, ऑगस्टनंतर खुडणं बंद.

झेंडू तर सगळ्यांनाच येतो. दसऱ्याला घरचं तोरण पाहिजे असेल तर अडीच-तीन महिने आधी बी टाका, रोप वीतभर झालं की शेंडा मोडा, झाड बसकं अन् फुलं जास्त. मागच्या वर्षीच्या तोरणातलं बी चालते, हायब्रीडचं असलं तर कुठं मोठं कुठं बारीक फूल निघते एवढंच. महालक्ष्म्यांच्या वेळी तेरडा, गुलबक्षी, गोकर्ण हाताशी असतात, त्यांना काही करावंच लागत नाही, गोकर्णाचं बी तेवढं रातभर भिजवून टाका.

तुळशीबद्दल थोडं रागानं लिहिते. वृंदावनाला खाली छिद्रच नसते अर्ध्या घरांत. भर पावसात पण रोज आंघोळ झाली की तांब्या ओततात, वरून दूध, वरून अगरबत्तीच्या काड्या खोडाशी खोसलेल्या, अन् मग तुळस जळाली की घरात काही वाईट होणार म्हणून चिंता. वाईट काही नाही, मूळ सडलं. वृंदावनाला छिद्र पाडून घ्या, पावसाळ्यात तांब्याऐवजी पळीभर पाणी घाला, पूजा तेवढीच होते. मंजिरी वाळायच्या आधी खुडत राहा, सगळ्या मंजिऱ्या पिकू दिल्या की झाड आपलं काम झालं म्हणून मोकळं होते. चार मंजिऱ्यांचं बी ठेवा, नवीन रोपं नेहमी तयार असू द्या.

घरात ठेवायची झाडं

मातीच्या जुन्या घरात उजेडच नसतो. माझी परीक्षा अशी, दुपारी लाइट बंद करून पेपर वाचता आला तर त्या जागी मनीप्लांट, स्नेक प्लांट, झीझी, सिंगोनियम जगते. वाचता नाही आला तर तिथं देवाचा फोटो लावा. किंवा दोन कुंड्या घ्या, आठ दिवस एक आत एक सपरीत, मग अदलाबदल, वावरातल्या मजुरांच्या पाळीसारखं.

स्नेक प्लांट अन् झीझी हे पाण्यानं मरतात, तहानेनं नाही. पावसाळ्यात तीन आठवड्यांनी एकदा, उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, बस. मनीप्लांट बाटलीत लावताना पेरं पाण्यात बुडालं पाहिजे, पानाच्या देठाजवळ जो तपकिरी ठिपका असतो तिथूनच मूळ निघते, नुसतं पान बुडवून महिनाभर वाट पाहणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. पाणी दर आठवड्याला बदला, डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात होतो. कुलरचा थेट झोत कोणत्याच झाडावर नको, पण त्याच खोलीत बाजूला ठेवलं तर ओलाव्यानं पानं टवटवीत राहतात, मे महिन्यात माझी सगळी घरातली झाडं कुलरच्या खोलीत झोपतात, आम्ही पण.

अन् ते ऑक्सिजनवालं झाड, घरातली हवा शुद्ध करते म्हणून विकतात ते. १९८९ साली नासानं प्रयोग केले होते ते हवाबंद पेटीत, त्यावरून हे सगळं सुरू झालं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी जुने प्रयोग परत तपासले, तर खिडकी-दारातून जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं म्हटलं तर एका चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. चुलीच्या धुराला स्नेक प्लांट काही करत नाही, खिडकी उघडा. झाड छान दिसते म्हणून घ्या, तेवढं कारण पुरे आहे.

मे महिना

पाणी सकाळी ८ च्या आत किंवा दिवस मावळल्यावर. पाइपातलं पहिलं पाणी आधी जमिनीवर सोडा, उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी चहा होईल इतकं तापलेलं असते, मी एकदा त्यानं सदाफुलीचं आख्खं वाफं भाजलं. बोट दोन पेरं मातीत घालून पाहा, ओलं लागलं तर आज सुट्टी. दुपारी पानं माना टाकतात ते पाहून लगेच धावू नका, संध्याकाळी परत उभी राहिली तर ती फक्त उन्हापासून जीव वाचवून राहिली होती.

मातीवर कुटाराचा, म्हणजे मळणीच्या भुशाचा, दोन बोटं थर द्या, सोयाबीनचं, हरभऱ्याचं कोणतंही. खोडाला चिकटू देऊ नका. ज्यांच्याकडं धान आहे त्यांनी तणस टाका. पश्चिमेच्या भिंतीजवळून कुंड्या हटवा, ती भिंत रात्री ९ पर्यंत तापलेली राहते. हिरवी नेट ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, बांधा, जुनं लुगडं बांधलं तरी चालते, आमच्याकडं दोन वर्षं लुगडंच होतं. कुंड्या सुट्या सुट्या न ठेवता एकमेकींना खेटून ठेवा.

लग्नाला चार दिवस गावाला जायचं असेल तर जुन्या सुती साडीची वात वळा, एक टोक बादलीत तळापर्यंत, दुसरं कुंडीच्या मातीत चार बोटं खोल. बादली विटांवर, कुंडीपेक्षा थोडी उंच. जायच्या आदल्या दिवशी वात भिजवून लावून पाहा. एका बादलीला चार कुंड्या. नायलॉनची साडी घेऊ नका, ती पाणी ओढत नाही.

बाकी दुश्मन तुम्हाला माहीतच आहेत. कोंबड्या कुटार उकरतात, वर बाभळीच्या चार काट्या टाका. वांदरं जास्वंद अन् गुलाबाच्या कळ्या वेचून खातात, त्यावर माझ्याकडं पक्का उपाय नाही, कळ्यांच्या दिवसांत कुंडी सपरीच्या जाळीमागं नेते, एवढंच. शेळी असेल तर कण्हेर तिच्या दाव्याच्या टप्प्यात लावू नका, पानं, फुलं, काड्या सगळंच विषारी आहे, छाटलेल्या फांद्या पण उकिरड्यावर नका टाकू. लहान पोरं असलेल्या घरात डंबकेन, ते मोठ्या ठिपकेदार पानांचं, खाली ठेवू नका, चावलं की तोंड अन् जीभ सुजते.

कलम करायची वेळ म्हणजे परत मृगच. मोगरा, जास्वंद, बोगनवेल, देशी गुलाब, सगळ्यांची पेन्सिलएवढी जाड अन् वीतभर लांब काडी घ्या, तीन-चार डोळ्यांची. खालचा काप तिरपा, डोळ्याच्या जरा खाली. वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकी काढा. दोन डोळे मातीत, निम्मी रेती निम्मं कुजलेलं खत, सावलीत, वरून तळ कापलेली पाण्याची बाटली उपडी, झाकण उघडं. आठ-दहा दिवसांत पालवी येईल तेव्हा नाचू नका, ती काडीतल्या साठ्यावर येते, खाली मूळ असेलच असं नाही. मागच्या वर्षी शेजारच्या काकूंना मी गुलाबाच्या पाच काड्या दिल्या. तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी भिंतीवरून आवाज, "काहून वो, मूळ तं नाही आलं अजून?" म्हटलं काकू, तुम्हाला कसं समजलं? तर म्हणे, "उपटून पाह्यलं ना." या वर्षी त्यांना परत पाच काड्या दिल्या आहेत अन् सोबत माझा एक ड्रम.